क्रियापदाच्या दारावर पहारा कोणाचा?

आपल्या बडोद्याच्या मराठी घरांतून हल्ली एक वाक्य सर्रास कानी पडते. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात ते ऐकू येते, तसेच अलकापुरीतल्या नव्या सदनिकेतही. ‘बेटा, शूज पुट ऑन कर.’ त्याच्या मागोमाग ‘टीव्ही ऑफ कर’, ‘बुक्स नीट पुट अवे कर’ ही भावंडे येतातच. बोलणारी व्यक्ती बहुधा आजी किंवा आजोबा असते, ऐकणारे नातवंड इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणारे असते, आणि मुलाला समजावे, जमल्यास त्याचे इंग्रजीही सुधारावे, अशी त्यामागची भावना असते. भावनेविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. वाक्याविषयी मात्र म्हणावयाचे आहे, आणि ते थोडे कठोरपणे म्हणणे भाग आहे. या एका वाक्याने मुलाचे मराठी तर जातेच. पण ज्या इंग्रजीच्या लोभाने ते बोलले जाते, ते इंग्रजीही त्याच्या हाती लागत नाही.

आरंभीच एक खुलासा करतो. ‘शूज’ या शब्दावर आमचा राग नाही. त्याच्या जागी आपण जो ‘बूट’ म्हणतो तोही साहेबाचाच. टेबल, कप, स्टेशन, तिकीट ही नामे येतात, नांदतात, आणि दोन पिढ्यांत घरची होऊन जातात. पाहुणा घरात आला म्हणून घराची तुळई खचत नाही. पण भाषेची तुळई म्हणजे क्रियापद, आणि वरील वाक्यात तुळईच बदलली गेली आहे. उरलेला ‘कर’ हा केवळ टेकू.

आता ज्याचा एवढा मोह पडतो ते ‘पुट ऑन’ आहे तरी काय, हे नीट पाहू. ‘पुट’ हे इंग्रजीतले अगदी घरगुती क्रियापद. एकटे असते तेव्हा त्याचा अर्थ ठेवणे वा घालणे एवढाच. पण त्याच्या मागे एखादे चिमुकले अव्यय येऊन उभे राहिले, की त्याचे रूपच पालटते. ‘ऑफ’ आले की काम पुढे ढकलले जाते. ‘आउट’ आले की आग विझते. ‘बाय’ आले की चार पैसे गाठीला राहतात, ‘अवे’ आले की वस्तू जागच्या जागी जाते, ‘अक्रॉस’ आले की आपले म्हणणे दुसऱ्याच्या गळी उतरते. ‘डाउन’चे तर तीन तऱ्हांचे अर्थ: बंड मोडून काढणे, कागदावर टिपून ठेवणे, आणि असाध्य दुखण्यातल्या जनावराला दयेपोटी मरण देणे. शब्द दोनच, आणि तेही प्राथमिक शाळेतल्या मुलाला ठाऊक असलेले. पण दोघांच्या बेरजेतून जो अर्थ निघतो तो दोघांपैकी एकाकडेही नसतो. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला कोश प्रसिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेतच त्यांनी नोंदवून ठेवले की, क्रियापदामागे असे अव्यय जोडून अर्थ पालटण्याची ही रीत परकीयांना सर्वांत अवघड जाते. या जोडगोळीला ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मिळाले ते पुष्कळ उशिरा, लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकातून. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची नवी आवृत्ती सिद्ध होत असताना २००७ साली ‘पुट’ची नोंद सर्व कोशात लांब ठरली होती, पुढे ‘रन’ने तिला मागे टाकले. तात्पर्य, हे लहान तोंडाचे क्रियापद मोठ्या घराण्याचे आहे.

आपल्या शिकवण्यांतून या सगळ्या चिमुकल्या शब्दांना एकजात ‘प्रिपोझिशन’ म्हणून टाकण्याचा प्रघात आहे. घोटाळ्याला सुरुवात होते ती येथेच. ‘पुट द बुक ऑन द टेबल’ या वाक्यातला ‘ऑन’ टेबलाचा आहे. मराठीत तो ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय होऊन टेबलालाच चिकटतो: टेबलावर. ‘पुट ऑन द कोट’ यातला ‘ऑन’ मात्र कोटाचा नव्हे. तो क्रियापदाचा, म्हणजे आपल्या परिभाषेत क्रियाविशेषण. दोहोंतला भेद ओळखण्याची युक्ती सोपी आहे. कोटाच्या जागी सर्वनाम ठेवून पाहावे. इंग्रज ‘पुट इट ऑन’ म्हणतो. अंगात घालण्याच्या अर्थी ‘पुट ऑन इट’ तो कधीही म्हणणार नाही. नाम असेल तर त्याला दोन्ही रचना चालतात, कोट शेवटी येईल किंवा मध्येही येईल. उच्चारातही फरक आहे: क्रियापदाच्या ‘ऑन’वर आवाजाचा भर पडतो, टेबलाच्या ‘ऑन’वर बहुधा पडत नाही. आणखी गंमत पाहावयाची तर तीन पदांची जोडणी घ्यावी. ‘पुट अप’ म्हणजे पाहुण्याला घरी उतरवून घेणे. त्यापुढे ‘विथ’ आला की ‘पुट अप विथ’, म्हणजे त्याच पाहुण्याला सोसणे. पहिल्यातला ‘अप’ पाहुण्यासाठी वाट करून देतो, पाहुणा क्रियापद आणि अव्यय यांच्या मध्ये जाऊन बसू शकतो. दुसऱ्यात ‘अप’ आणि ‘विथ’ खांद्याला खांदा लावून उभे. मध्ये शिरकाव नाही. पाहुण्याचा मुक्काम वाढला की ‘विथ’ लागतो, असे एखाद्या चाणाक्ष गृहिणीने म्हटल्यास व्याकरणाची हरकत नसावी.

आता ‘पुट ऑन कर’कडे वळू. मराठी ‘कर’ जोडला गेला की त्या क्षणी ‘पुट ऑन’ हे क्रियापद राहतच नाही. आपल्या भाषेच्या घडणीत ते ‘जमा’, ‘साफ’, ‘बंद’ यांच्या रांगेत जाऊन बसते: एक गोठलेला शब्द, ज्याचे काळ, वचन, पुरुष सगळे ‘करणे’ सांभाळते. गोठलेल्या शब्दाच्या पोटात काही शिरत नाही. मूल ‘पुटऑन’ असा एकच अखंड शब्द शिकते, आणि मग वर्गात ‘पुट ऑन इट’ लिहून लाल शाईचा फराटा घेऊन येते. त्या जोडणीचा जीव तिच्या सुटेपणात आहे. नेमका तोच सुटेपणा आपण घरी मारून ठेवलेला असतो. पुन्हा, इंग्रजीत ‘पुट ऑन’ ही कृती आहे आणि ‘वेअर’ ही स्थिती आहे. मराठीत हा भेद ‘चष्मा लावला’ आणि ‘चष्मा लावला आहे’ असा ‘आहे’च्या बळावर स्वच्छ दाखवता येतो. ‘पुट ऑन केला आहे’ म्हणणाऱ्या मुलाला हा भेद कोण शिकवणार? इंग्रजीच्या दृष्टीनेही हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

मराठीच्या बाजूचे नुकसान याहून मोठे. इंग्रज अंगावर जे जे चढवतो त्या साऱ्याला ‘पुट ऑन’ पुरते: टोपी, विजार, चष्मा, अंगठी, अगदी तोंडावरचा खोटा भावसुद्धा. मराठी माणसाने मात्र अंगावर वस्तू कशी जाते, याकडे बारकाईने पाहिले आहे. जे शिवलेले नाही आणि कमरेभोवती फिरवून घ्यावे लागते ते नेसावयाचे: लुगडे, धोतर, पितांबर, सोवळे. ज्यात हातपाय शिरतात ते घालावयाचे: सदरा, चोळी, बंडी. वरून घ्यावयाचे ते पांघरावयाचे. पागोटे आणि फेटा बांधावयाचा, बांधून तयार असलेली पगडी घालावयाची, पदर घ्यावयाचा, गजरा माळावयाचा, कुंकू, गंध, चष्मा लावावयाचा, काजळ घालावयाचे, मुंडावळ्या बांधावयाच्या, आणि बांगड्या? त्या भरावयाच्या. एका क्रियापदात वस्त्राचा आकार, शरीराचा अवयव आणि हाताची हालचाल अशी तीन चित्रे उभी राहतात. जी मुलगी ‘साडी नेसले’ म्हणते तिला साडी शिवलेली नाही हे भाषेनेच सांगितलेले असते.

आपल्या शेजारच्या गुजरातीत साडी, बूट, चष्मा, बांगडी यांना एक ‘पहेरवुं’ बहुधा पुरते, आणि त्या शेजाराने आपल्याकडे ‘साडी घातली’ पूर्वीपासून ऐकू येत असे. आता तर ते पुण्या-मुंबईतही ऐकू येते, तेव्हा त्याचा दोष एकट्या बडोद्याच्या माथी मारू नये. पण ‘घातली’ काय किंवा ‘नेसली’ काय, दोन्ही मराठीच. ‘पुट ऑन केली’ यात काय उरले?

‘आउट’चेही असेच. दिवा ‘ऑफ कर’ म्हणणाऱ्यांनी क्षणभर आपली क्रियापदे आठवावीत. आपल्या आज्या दिवा ‘विझव’ म्हणत नसत, विझणे अशुभ. दिवा मालवावयाचा. त्याच संकोचाने नारळ फोडावयाचा नाही, वाढवावयाचा. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान रात्री बंद होत नाही, वाढवले जाते. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली ‘झुंझारराव’ या रूपाने जे नाटक मराठी रंगभूमीवर आणले, त्या ‘ऑथेल्लो’च्या अखेरच्या अंकात नायक एकाच ‘पुट आउट’ने दिवा आणि पत्नीचे प्राण यांना एका पातळीवर आणून ठेवतो. इंग्रजी भाषेच्या वैभवाचा तो एक नमुना मानला जातो, आणि योग्यच आहे. पण मराठीला तेथे अडण्याचे कारण नाही. दिवाही मालवतो आणि प्राणज्योतही मालवते. हे क्रियापद ज्या मुलाच्या कानावरून कधी गेलेच नाही, त्याला शेक्सपिअरचा तो श्लेष समजावून सांगणे दुप्पट कठीण.

यंत्रयुगापुढे मराठी क्रियापदे लंगडी पडली, असाही एक समज आहे. तो खोटा आहे. रेडिओ घरात आला तेव्हा त्याला काय म्हणावे याची समिती नेमावी लागली नाही. ज्या क्रियापदाने समई लावली जात होती त्यानेच विजेचा दिवा लावला, पंखा लावला, रेडिओ लावला, पुढे टीव्हीही लावला. त्याच ‘लावणे’ने दार मात्र बंद होते, कुलूपही लागते, हा भाग निराळा, असा खट्याळपणा प्रत्येक जिवंत भाषेत असतो. ‘ऑन कर’, ‘ऑफ कर’ हे गरजेपोटी आलेले नाहीत.

‘पुट’चा खरा मराठी सख्खा भाऊ कोण, असे विचारल्यास आम्ही ‘घालणे’ असे उत्तर देऊ. इंग्रजाने आपल्या क्रियापदामागे वर, खाली, आत, बाहेर अशा दिशा उभ्या केल्या. मराठीने शरीर उभे केले. कोणाचा अपराध पोटात घालतात, गोष्ट कानावर घालतात, चुकलेल्याला पाठीशी घालतात, दुसऱ्यांच्या बोलण्यात तोंड घालतात, कामाला हात घालतात, लाजेने मान खाली घालतात. ‘पुट अप विथ’चा अर्थ सांगताना शिकवणीतले मार्गदर्शक ‘सहन करणे’ असे लिहून मोकळे होते. सहन करण्यात कष्ट आहेत, पण ‘पोटात घालणे’ यात जी माया आहे, आणि ‘चालवून घेणे’ यात जो व्यवहार आहे, आणि ‘खपवून घेणे’ यात जी धुसफूस आहे, ती तेथे नाही. कोणाला काही आगळीक करण्यास चिथावणे याला इंग्रजीत ‘पुट अप टू’ म्हणतात. मराठीत त्याला तंतोतंत ‘भरीस घालणे’ आहे, आणि तेही घालणेच. शिवाय गळ घालणे, साकडे घालणे, शपथ घालणे, कोडे घालणे, आळा घालणे, फुंकर घालणे, प्रदक्षिणा घालणे, गोंधळ घालणे, आणि फसवणाऱ्यांनी गंडा घालणे. लहान मुलाला जेवू घालणे, न्हाऊ घालणे यांत तर हे क्रियापद दुसऱ्या क्रियापदाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहते. कोशातल्या लांबीचीच स्पर्धा असेल तर आमचा ‘घालणे’ त्या मैदानात उतरावयास कचरणार नाही.

पाठीवर हात ठेवण्याचा उल्लेख झालाच आहे, तर मराठीची दुसरी रीतही सांगितली पाहिजे. इंग्रजीत अव्यय जे काम करते ते मराठीत पुष्कळदा दुसरे क्रियापद करते. ‘लिहिले’ म्हणजे नुसते लिहिले. ‘लिहून घेतले’ म्हणजे दुसऱ्याचे बोलणे आपल्यासाठी उतरवले, ‘लिहून दिले’ म्हणजे आपण बांधले गेलो, ‘लिहून ठेवले’ म्हणजे पुढे लागेल म्हणून, ‘लिहून काढले’ म्हणजे सबंध, आरंभापासून अखेरपर्यंत, आणि ‘लिहून टाकले’ म्हणजे एकदाचे. ‘राइट’पुढे ‘डाउन’, ‘आउट’, ‘ऑफ’, ‘अप’ लावून इंग्रज जे साधतो, त्याचेच हे भावंड. यांना संयुक्त क्रियापद म्हणावे की नाही, याविषयी आपल्या व्याकरणकारांत वाद आहेत. ते वाद त्यांना लखलाभ; बोलणाऱ्याला फरक नेमका कळतो. आणि ‘करून बसला’ यात जो पश्चात्तापाचा सूर आहे, तो इंग्रजीच्या कोणत्या अव्ययाने निघेल हे आम्हांस कोणी दाखवून द्यावे.

येथे आमच्यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील, याची जाणीव आहे. पहिला पुण्याकडून. तुम्ही बडोदेकर शुद्ध क्रियापदांच्या गोष्टी सांगता, पण तुमच्याच घरी पाहुण्याला ‘रविवारी येऊन जा’ म्हणतात! खरे आहे. गुजरातीतल्या ‘आवी जजो’च्या वळणाने आपण ‘येऊन जा’ म्हणतो, त्यात ‘नक्की या’ एवढाच आग्रह असतो, आणि पुण्याच्या पाहुण्याला मात्र येण्याआधीच निरोप मिळाल्यासारखे वाटते. ‘बसून जा’ हेही तसेच. नागपूरकडचे ‘करून राहिला’ याच जातीचे. यावर आमचे उत्तर असे की, ही आजाराची लक्षणे नव्हेत. शेजारच्या भाषेची घडण आपल्या भाषेच्या घडणीशी जुळणारी होती, तिच्यातला एक सांधा आपण घेतला आणि त्यात माल आपला भरला. ‘येणे’ही मराठी, ‘जाणे’ही मराठी. अडीचशे वर्षांहून अधिक काळ दोन भाषा एका ओसरीवर बसल्या, तर एकीच्या बोलण्याचे वळण दुसरीला लागणारच. या वळणाला हसणारे पुणेकर ‘डिसाइड केले’, ‘मॅनेज करतो’, ‘पिक अप करायला येतो’ असे दिवसभर बोलत असतात, तेव्हा मात्र त्यांचे हसू कोठे जाते, ते कळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अभ्यासू आहे. ‘करणे’ हे काही आज टेकू झालेले नाही. माफ करणे, जमा करणे, कबूल करणे, तयार करणे हे सारे फारसी-अरबी शब्दांना ‘करणे’ जोडूनच झाले, मग इंग्रजीलाच वेगळा न्याय का? आक्षेप रास्त आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देतो. फारसीतून आले ते शब्द आपल्या भाषेने नुसते टेकूवर उभे ठेवले नाहीत, पचवले. ‘खर्च’चे खर्चणे झाले, ‘बदल’चे बदलणे झाले; फर्मावणे, नवाजणे ही क्रियापदे मराठी प्रत्यय घेऊन मराठी काळांतून फिरू लागली. इंग्रजीशी आपला संबंध दोनशे वर्षांचा, आणि तिच्यापासून असे एकही प्रतिष्ठित क्रियापद आपण घडवू शकलो नाही. तरुण मंडळी थट्टेने ‘गूगलणे’ म्हणतात, तेवढाच काय तो अपवाद. आणि खरे सांगावयाचे तर ‘गूगल कर’पेक्षा आम्हांस ती थट्टा अधिक मराठी वाटते. दुसरे असे की, फारसी आली तेव्हा जी क्रियापदे घरात होती ती बहुतेक घरातच राहिली. ‘माफ करणे’ आले म्हणून ‘पोटात घालणे’ गेले नाही. ‘पुट ऑन कर’ मात्र नेसणे, माळणे, पांघरणे या सर्वांना एका फटक्यात अडगळीत टाकते.

आपल्या भाषारक्षणाचा इतिहास पाहिला, तर हे असे का झाले याचा थोडा उलगडा होतो. शिवकालात राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. त्याने यावनी संज्ञांना संस्कृत संज्ञा दिल्या. आपल्याच बडोद्यात महाराजा सयाजीराव तिसरे यांच्या आश्रयाने १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ प्रसिद्ध झाला. इंग्रजी शासनसंज्ञांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली अशा सात भाषांतले पर्याय शेजारी शेजारी मांडण्याचा तो उद्योग एखाद्या विद्यापीठानेही अभिमान बाळगावा असा होता. सावरकरांच्या भाषाशुद्धीने महापौर, दिनांक, क्रमांक, दिग्दर्शक हे शब्द दिले आणि ते आज शाळकरी मुलाच्याही तोंडी आहेत. या सर्वांविषयी आम्हांस आदर आहे. परंतु हे सारे पहारे कोणत्या दारावर होते? नामांच्या. कोशकार आणि शुद्धिवादी ‘मेयर’ला अडवीत राहिले, आणि मागच्या परसदाराने ‘अ‍ॅडजस्ट कर’, ‘पुट ऑन कर’ आत आले. नाम बदलता येते, हुकूम काढून बदलता येते. क्रियापद हुकुमाने येतही नाही आणि टिकतही नाही. ते स्वयंपाकघरात, न्हाणीघरात, मुलाला शाळेसाठी तयार करताना टिकते. तेथे ना कोशकार असतो ना शासन.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचा आनंद आम्हांसही झाला. त्याआधी फेब्रुवारी २०१८ मध्ये अखिल भारतीय साहित्य संमेलन आपल्या गावी भरले, तेव्हा मांडव माणसांनी फुलला होता. पण संमेलनाचा मांडव आणि दर्जाचा कागद हे दोन्ही मुलाच्या बुटाच्या बंदापर्यंत पोहोचत नाहीत.

‘काळाबरोबर जायला हवे, इंग्रजीशिवाय मुलांचे चालणार नाही’, हा मुद्दा आम्हांला ऐकवला जाईल. तो बडोदेकरांनी बडोदेकरांस ऐकवावा, याची गंमत वाटते. इंग्रजी या गावाला नवी नाही. बडोदे कॉलेज १८८१ साली सुरू झाले. तेथे पुढे अरविंद घोष यांनी इंग्रजी शिकवले. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले तेही इंग्रजी माध्यमाचे. आपल्या जुन्या घराण्यांतील कितीतरी पुरुष संस्थानच्या कचेरीत दिवसभर उत्तम इंग्रजी खलिते लिहीत आणि सायंकाळी घरी येऊन पगडी खुंटीला अडकवीत, उपरणे काढून ठेवीत, सोवळे नेसून संध्येला बसत. त्यांचे इंग्रजी आजच्या नातवंडांच्या इंग्रजीहून कच्चे होते असे म्हणण्याचे धाडस कोणी करील असे वाटत नाही. त्यांपैकी पुष्कळांचा पाया तर्खडकरांच्या भाषांतरमालेवर घातलेला होता. त्या पद्धतीला आज हसण्याची चाल आहे. पण तीत एक गुण होता. प्रत्येक इंग्रजी वाक्यापुढे सबंध मराठी वाक्य उभे करावे लागे, आणि ‘पुट आउट’पुढे ‘पुट आउट करणे’ लिहून कोणाला गुण मिळत नसत. दोन भाषा त्यांच्या डोक्यात दोन स्वतंत्र दालनांत होत्या, मध्ये दार होते. आज भिंतच पाडली आहे, आणि त्याला आपण मोकळेपणा म्हणतो.

मग करावे काय? मुलांशी इंग्रजी बोलूच नये, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. बोलावयाचे तर सबंध बोलावे: ‘पुट युअर शूज ऑन’, शूज मध्ये घालून, ‘ऑन’वर जोर देऊन. आणि मराठी बोलावयाचे तर तेही सबंध: ‘बूट घाल’. दोन्ही वाक्ये एकामागून एक म्हटली तरी मुलाचे डोके फिरत नाही. मुले आपल्या समजुतीपेक्षा पुष्कळ हुशार असतात, आणि बडोद्याची मुले तर तिसरी गुजरातीही खेळता खेळता शिकतात. शिकवणीला घालणाऱ्या पालकांनी मार्गदर्शकातली दोनशे जोडक्रियापदांची यादी पाठ करवून घेण्याचे थांबवावे. एका दिवशी एकच अव्यय घ्यावे. ‘ऑफ’ म्हणजे अंतर, दूर होणे, हे एकदा उमगले की ‘पुट ऑफ’ म्हणजे काम आपल्यापासून लांब सारणे हे मूल आपण होऊन सांगते, आणि आपल्या ‘पुढे ढकलणे’मध्येही तीच हालचाल आहे हे त्याला दाखवून देता येते. ‘बाय’ म्हणजे बाजूला, जवळपास. म्हणून ‘पुट बाय’ म्हणजे गाठीशी ठेवणे. मराठीच्या ओळखीने इंग्रजीच्या घरात शिरण्याची ही वाट आहे. आजोबांपाशी त्यासाठी लागणारे सगळे सामान आहे. ते त्यांनी नातवाला द्यावे, त्याच्या वर्गातून उसने आणू नये.

आमच्या मंडळाच्या उन्हाळी वर्गात हा प्रयोग करून पाहावा, असे आम्ही कार्यकारिणीला सुचवीत आहोत. त्यासाठी ‘पुट’च्या जोडण्यांचे मराठी प्रतिरूप जमवण्याचे काम हाती घेतले आहे, आणि बरेचसे जमलेही आहे. मन खट्टू होण्याच्या अर्थी जो ‘पुट आउट’ येतो त्याला ‘हिरमुसणे’ चपखल बसते. टेलिफोनच्या ‘पुट थ्रू’ला ‘जोडून देणे’ पुरते. घोटाळा आहे तो ‘पुट अपॉन’चा: भिडस्त माणसाच्या भलेपणाचा गैरफायदा घेऊन त्याच्यावर कामे लादली जातात, त्याची ती अवस्था. ‘राबवून घेणे’ जवळ येते, पण त्यात भिडेचा भाग सुटतो. आपल्या वाड्यांतील थोरल्या सुनांनी ही अवस्था पिढ्यान्पिढ्या भोगलेली असल्याने त्यांच्या बोलण्यात याहून नेमके क्रियापद खचित असणार. ज्यांना आठवत असेल त्यांनी पुढील अंकाच्या आत संपादकांकडे लिहून धाडावे.